वेलांटीसाठी बदललेली लायब्ररी : एका लहान सॉफ्टवेअर कंपनीचं परवाना प्रकरण

हे प्रकरण ज्या कंपनीत घडलं तिथे मी तांत्रिक बाजू सांभाळते. कंपनीचं, ग्राहकांचं आणि त्या लायब्ररीचं (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या, आपल्या प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडचं) नाव इथे दिलेलं नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं ठिकाण, एवढं पुरे. कंपनीचे संस्थापक, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो, आणि विक्री पाहणारे भागीदार, ज्यांना सगळे 'दादा' म्हणतात, या दोघांनीही मसुदा वाचला आहे. माझा एक निष्कर्ष दादांना आजही मान्य नाही. तो त्यांच्या म्हणण्यासकट पुढे दिला आहे.

पार्श्वभूमी

आम्ही चौदा जण सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ठेवी, कर्जं, पिग्मी एजंटांचं रोजचं कलेक्शन, थकबाकीदारांच्या नोटिसा, सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाव्याची कागदपत्रं, असं सगळं त्यात येतं. सर स्वतः एकेकाळी पतसंस्थेत क्लार्क होते. पहिली आवृत्ती त्यांनी फॉक्सप्रोमध्ये एकट्याने लिहिली. आता सगळं जावामध्ये आहे. संस्थेच्या मुख्य कार्यालयात सर्व्हर असतो आणि शाखा ब्राउझरमधून लॉगिन करतात.

या सगळ्याचा पाया ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा. सर्व्हरवर लिनक्स, डेटाबेस पोस्टग्रेस, वर टॉमकॅट. यातल्या कशालाही आम्ही कधी एक रुपया दिलेला नाही. तरीही चौदा जणांची कंपनी तालुक्याच्या पतसंस्थेला परवडेल अशा दरात सॉफ्टवेअर देऊ शकते, ती याच पायामुळे. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याचा फार विचार करत नव्हतं. नळाला पाणी येतं, तसं.

आता वेलांटीबद्दल. युनिकोडमध्ये 'वि' साठवताना आधी 'व' येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी 'व'च्या आधी काढायची असते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, जोडाक्षरं जोडायची, हे सगळं काम मजकूर आणि फॉन्ट यांच्या मधला एक थर करतो. आज बहुतेक ठिकाणी ते काम हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. जावानेही नवव्या आवृत्तीपासून तीच घेतली. पण पीडीएफ बनवणाऱ्या आमच्या जुन्या लायब्ररीत हा थर नव्हताच. ती एकामागून एक अक्षर मांडत जायची.

परिणाम ठेव पावतीवर दिसायचा. एका शाखेच्या व्यवस्थापकांनी फोन केला, "मॅडम, विठ्ठलाची वेलांटी सांडलीय बघा." मी ती पावती मागवून घेतली. 'विठ्ठल'मधली वेलांटी 'व' सोडून पुढच्या 'ठ'ला चिकटली होती आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडका 'ठ' वेगळा पडला होता. व्यवस्थापकांनी त्यावर व्हाइटनर लावून बॉलपेनने नाव नीट लिहिलं होतं. ठेव पावतीवर खाडाखोड म्हणजे लेखापरीक्षकाच्या दृष्टीने सरळ दोष. पावती रद्द करायची, नवीन फाडायची, रजिस्टरमध्ये नोंद घालायची. वयस्कर ठेवीदार तर चुकलेल्या नावाची पावती हातात घ्यायलाच तयार नसत, आणि त्यांचं चूक नव्हतं. आयुष्यभराची कमाई ज्या कागदावर, त्यावर आपलं नाव तरी नीट असावं.

तेव्हा आमच्याकडे लागून आठच महिने झालेल्या एका प्रोग्रामरने हा प्रश्न सोडवला. त्याला कळलं की त्याच लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीत देवनागरीचा थोडाफार आधार आहे. कोणती लायब्ररी वापरायची ते नोंदवणाऱ्या फाइलमधला आवृत्तीचा आकडा त्याने बदलला. रफार तरीही चुकत होता, म्हणून लायब्ररीच्या आत शिरून शंभरेक ओळी दुरुस्त केल्या. तीन आठवडे तो रोज रात्री उशिरापर्यंत बसत होता. पहिली नीट पावती निघाली त्या दिवशी सरांनी पेढे आणले. तो बदल तपासून मंजूर मी केला. नावं बरोबर येतात का, जोडाक्षरं बरोबर येतात का, सगळं पाहिलं. परवान्याची फाइल उघडली नाही.

अडचण

दोन वर्षांनी एका मोठ्या बहुराज्य पतसंस्थेची निविदा निघाली. आमच्या आजवरच्या कुठल्याही ग्राहकापेक्षा ती संस्था कितीतरी मोठी. निविदेत एक अट होती, सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या सर्व घटकांची यादी आवृत्ती आणि परवान्यासह द्यावी. अशी यादी आता बऱ्याच ठिकाणी मागतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या छोट्याशा घटकात मोठं भगदाड सापडलं, तेव्हा असंख्य कंपन्यांना आपल्याकडे तो घटक आहे की नाही हेच सांगता येईना. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने अशा याद्यांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

आम्ही एक साधन चालवून यादी काढली. दोनशेच्या वर घटक निघाले. बहुतेक एमआयटी, अपाची किंवा बीएसडी परवान्याचे, म्हणजे नाव आणि परवान्याचा मजकूर जपला की बाकी मोकळीक. पीडीएफच्या ओळीत मात्र लिहिलं होतं, एजीपीएल ३.०. हा कडक अटींचा परवाना.

जुनी आवृत्ती सैल परवान्याखाली होती. तिच्या निर्मात्यांनी पुढच्या आवृत्तीला परवाना बदलला होता, तोही जाहीरपणे. पीडीएफच्या क्षेत्रात हे नवीन नाही. आयटेक्स्टने २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएल घेतला, घोस्टस्क्रिप्टने २०१३ मध्ये. यामागचा व्यवहार सरळ असतो. तुम्ही तुमचा कोड उघडा ठेवणार असाल तर आमचा कोड फुकट घ्या. तुमचा बंद ठेवायचा असेल तर पैसे देऊन वेगळा परवाना घ्या. त्या पैशावर तिथले प्रोग्रामर जगतात.

जीपीएल हा एजीपीएलचा थोरला भाऊ. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. एजीपीएल ३ देखील २००७ चाच. जीपीएल म्हणतो, सॉफ्टवेअरची प्रत कुणाला दिलीत तर त्याला सोर्स कोडही त्याच अटींवर मिळाला पाहिजे. एजीपीएलच्या कलम १३ मध्ये आणखी एक भर आहे. तुम्ही त्यात बदल केलात आणि लोक ते नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्या वापरणाऱ्यांनाही सोर्स कोड मिळण्याची सोय हवी.

पळवाट शोधायला मी शनिवारची सकाळ घालवली, हे कबूल करते. सापडली नाही. "आम्ही फक्त सेवा देतो, प्रत देत नाही" असं म्हणता येत नव्हतं, कारण आमचं सॉफ्टवेअर ग्राहकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेलं. "आम्ही त्याला हात लावलेला नाही" असंही म्हणता येत नव्हतं, शंभर ओळी आम्हीच बदललेल्या. आणि शाखेतला क्लार्क ब्राउझरमधून ते रोज वापरत होता. अडतीस संस्थांकडे ती प्रत पोचली होती.

तो प्रोग्रामर माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की आता आपला सगळा कोड आपोआप ओपन सोर्स झाला. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून इथे थांबून सांगते. तसं काही आपोआप होत नाही. अट मोडली की परवाना संपतो, आणि परवान्याविना वापर म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग. मग तुमचा वापर बंद करायला लावायचा, भरपाई मागायची, की तडजोड करायची, हे हक्कधारक ठरवतो आणि वाद झाला तर न्यायालय. आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणक प्रणालीला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. अशा परवान्याच्या अटी पाळाव्याच लागतात, असा निर्णय जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्येच दिला होता.

यादीतून दुसरीही एक गोष्ट बाहेर आली. पावतीवरचा देवनागरी फॉन्ट कुणाच्या तरी संगणकावरून उचललेला होता. तो पीडीएफमध्ये घालून वाटायचा हक्क आमच्याकडे असल्याचा एकही कागद सापडला नाही.

पर्याय

शनिवारी संध्याकाळी सर, दादा, तो प्रोग्रामर आणि मी असे बसलो. निविदा भरायला नऊ दिवस उरले होते.

दादांनी पहिला पर्याय मांडला, तोही आडपडदा न ठेवता. यादीतली ती ओळ काढायची, निविदा भरायची, काम मिळालं की सावकाश लायब्ररी बदलायची. त्यांचं म्हणणं मी हलकं करून सांगणार नाही, कारण ते हलकं नव्हतं. चौदा घरं या कंपनीवर चालतात. लायब्ररी बनवणाऱ्या परदेशी कंपनीला आपण अस्तित्वात आहोत हेही ठाऊक नाही. आपल्यामुळे तिचा एक ग्राहक कमी झाला असंही नाही, कारण पैसे मागितले असते तर आपण ती घेतलीच नसती. "आणि ओपन सोर्स आहे ना? मग ते लोकांनी वापरावं म्हणूनच ठेवलंय की."

शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे, आणि तेवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. वापरावं म्हणून ठेवलंय हे खरं. पण अट घालून ठेवलंय. ज्याने ते लिहिलं त्याने पैशाऐवजी दुसरी किंमत सांगितली होती. तुझं काम तूही उघडं ठेव, एवढीच. ती किंमत द्यायची नाही आणि माल ठेवून घ्यायचा, याला फुकट मिळणं म्हणत नाहीत. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करणाऱ्या माणसांना हे कळायला जड जाऊ नये. बिनव्याजी कर्जालाही करारनामा असतो.

पण त्या खोलीत वाद माझ्या बोलण्याने मिटला नाही. चार वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक जण नोकरी सोडताना आमचा कोड घेऊन गेला होता. नाव बदलून त्याने तो तीन संस्थांना विकला. आम्ही पोलिसांत गेलो, वकील लावला. तेव्हा त्याचं म्हणणं काय होतं? त्या तीन संस्था लहान आहेत, तुमच्याकडे त्या आल्याच नसत्या, मग तुमचं नुकसान काय झालं? सर बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "त्या पोराला मी चोर म्हटलं होतं." दादांनी तो पर्याय पुन्हा काढला नाही.

दुसरा पर्याय, पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्यायचा. सर्वांत कमी कटकटीचा. पण दरवर्षीचा खर्च लहान संस्थांच्या वार्षिक देखभाल शुल्कात बसणारा नव्हता.

तिसरा, आमचं सगळं सॉफ्टवेअर एजीपीएलखाली खुलं करायचं. हा पर्याय लोक हसण्यावारी नेतात. आम्ही त्यावर सर्वांत जास्त वेळ दिला. मी त्या बाजूची होते. सॉफ्टवेअर देणारी कंपनी बंद पडली की पतसंस्थेचे किती हाल होतात ते मी पाहिलं आहे. डेटा आहे, पण तो वाचणारा कोणी नाही, आणि मार्चअखेर तोंडावर. कोड खुला असता तर दुसऱ्या कुणाला तरी ते पुढे नेता आलं असतं. अडलं ते दोन ठिकाणी. एसएमएसचा आणि एका अहवालाचा भाग आम्ही दुसऱ्यांकडून करारावर घेतलेला, तो उघडण्याचा हक्क आम्हाला नव्हता. आणि जुन्या कोडमध्ये काही ग्राहकांच्या सर्व्हरचे पासवर्ड तसेच पडून होते. नऊ दिवसांत ते साफ करणं शक्य नव्हतं. सरांच्या मनातली तिसरी गोष्ट मी विचारली नाही. पंचवीस वर्षांची कमाई त्या कोडमध्ये होती.

चौथा पर्याय जुगाडाचा. लायब्ररी वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवायची, आमच्या सॉफ्टवेअरने तिला फक्त मजकूर द्यायचा आणि पीडीएफ परत घ्यायचं, त्या छोट्या प्रोग्रामचा सोर्स मात्र खुला ठेवायचा. नीट केलं तर हे परवान्यात बसू शकतं. पण दोन प्रोग्राम खरोखर वेगळे कधी आणि नावापुरते वेगळे कधी, याची रेघ ठळक नाही. ज्या माणसाने नुकतीच अट मोडली आहे त्याने रेघेच्या काठावर जाऊन उभं राहू नये, असं मला वाटलं.

पाचवा, लायब्ररीच बदलायची. कष्ट जास्त, वेळ जास्त, पण पुढचा प्रश्न संपतो.

पुढचा. मागच्या दोन वर्षांचं काय, हे या पाचांपैकी तिघांत येतच नव्हतं.

निर्णय आणि कृती

सोमवारी नवीन ठिकाणी सॉफ्टवेअर बसवणं थांबवलं. त्याच दिवशी पुण्यातल्या एका वकिलांना फोन केला, ज्यांना सॉफ्टवेअरच्या परवान्यांची माहिती आहे.

त्यांनी जे सांगितलं त्यातून या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण उभा राहिला. एजीपीएलच्या कलम ८ मध्ये चुकलेल्याला परत यायची वाट ठेवलेली आहे. तुम्ही भंग पूर्ण थांबवलात आणि त्यानंतर ६० दिवसांत हक्कधारकाने काही कळवलं नाही, तर तुमचा परवाना कायमचा परत मिळतो. हक्कधारकाने पहिल्यांदाच नोटीस दिली आणि ३० दिवसांत तुम्ही सुधारणा केलीत, तरीही मिळतो. वकिलांचा सल्ला असा की गुपचूप थांबवा, लायब्ररी काढा, साठ दिवस जाऊ द्या. आपणहून पत्र लिहिणं म्हणजे भरपाईचा दावा घरी बोलावणं. सल्ला चुकीचा नव्हता. अशिलाचं हित पाहणं हे त्यांचं काम आणि त्यांनी ते केलं.

सरांनी त्यांना एकच विचारलं. अडतीस सर्व्हरवर ती प्रत आज चालू आहे, मग थांबवलं असं आपण कोणत्या तारखेपासून म्हणायचं? वकील म्हणाले, शेवटच्या सर्व्हरवरून ती निघेल त्या दिवसापासून. म्हणजे कित्येक महिने आम्ही जाणूनबुजून भंग करत राहणार होतो. आजवर अजाण होतो, शनिवारपासून नव्हतो. आपल्या कायद्यातलं कलम ६३ ब तर संगणक प्रणालीची बेकायदा प्रत माहीत असून वापरणं हाच गुन्हा मानतं. आम्ही कळवलं नाही तर त्या जाणतेपणाची सावली ग्राहकांवर पडू शकते, असं मला वाटत होतं. सरांनी पत्र लिहायचं ठरवलं.

पत्र मी लिहिलं, वकिलांनी तपासलं. काय वापरलं, केव्हापासून, किती ठिकाणी, काय बदललं, किती दिवसांत काढतो. माफीचं एक वाक्य. कारणं नाहीत.

निविदेच्या संस्थेला खरी यादी दिली, सोबत एक पानाचं निवेदन. जुन्या ग्राहकांना मी आणि दादांनी फोन केले. एका चेअरमनसाहेबांनी विचारलं, "म्हणजे आमच्या पावत्या खोट्या ठरतात का?" नाही, पावत्यांचा याच्याशी संबंध नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला आणि तो जायलाच हवा होता. दुसऱ्या एका व्यवस्थापकांना मात्र एका मिनिटात कळलं. "म्हणजे गहाणखतातली अट न वाचता सही केली तुम्ही." होय, तेच.

नवीन मांडणी अशी केली. पावतीचं आधी एचटीएमएल पान तयार करायचं आणि पडद्याआड चालणाऱ्या क्रोमियम ब्राउझरकडून त्याचं पीडीएफ करून घ्यायचं. क्रोमियमचा परवाना सैल आहे आणि अक्षरं जुळवायला आत हार्फबझच आहे. विठ्ठल पहिल्याच फटक्यात नीट आला. वेग मात्र पडला. दर पावतीला ब्राउझर नव्याने उघडायचा, म्हणून तीन-चार सेकंद लागायचे, आणि महिन्याच्या पाच तारखेला काउंटरवर रांग असताना ते चालत नाही. ब्राउझर सतत उघडा ठेवून हे सोडवलं, तर जुन्या सर्व्हरची मेमरी पुरेना. सहा संस्थांना मेमरी वाढवून द्यावी लागली, आमच्या खर्चाने.

फॉन्टही बदलला. नोटो, मुक्ता, लोहित असे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली मिळतात आणि ते पीडीएफमध्ये घालायला मोकळीक आहे. इथे एक गंमत झाली. पहिल्या पावत्या पाहून एका व्यवस्थापकांनी परत पाठवल्या, "हा हिंदी ल आहे." शाळेत शिकवतात तो पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' त्यांना हवा होता. फॉन्टमध्ये तो होता, पण पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये सांगितल्याशिवाय तो बाहेर येत नव्हता. दोन अक्षरं लिहायची राहिली होती. कुणीतरी मराठी वाचकासाठी ते वेगळे आकार काढून ठेवले होते आणि आम्हाला ते मागताही येत नव्हते.

अडतीसावा सर्व्हर पाच महिन्यांनी बदलून झाला.

परिणाम

हक्कधारक कंपनीचं उत्तर सतरा दिवसांनी आलं. सूर कडक नव्हता. त्यांनी ठिकाणांची संख्या मागितली, मागच्या काळासाठी आणि बदल पूर्ण होईपर्यंतच्या काळासाठी मिळून एक रक्कम सांगितली. घासाघीस झाली. शेवटी ठरलेला आकडा करारानुसार सांगता येत नाही, पण त्या वर्षी आम्ही दोन माणसं घेणार होतो, ती घेतली नाहीत.

निविदा गेली. संस्थेने कारण दिलं नाही. आमचा दर तिसऱ्या क्रमांकावर होता असं नंतर कळलं, त्यामुळे ती आमच्या निवेदनामुळे गेली की दरामुळे, हे सांगता येणार नाही. जुन्या अडतीसपैकी एक संस्था आम्हाला सोडून गेली. बाकीच्या राहिल्या.

त्या शंभर ओळी आम्ही लायब्ररीच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवल्या. आम्ही ती वापरत नसलो तरी दुसरं कुणीतरी मराठी, नेपाळी, कोकणी छापत असेलच. सोबत चाचणीसाठी अवघड नावांची यादी द्यायची होती, आणि तिथे पुन्हा एकदा हात थांबवावा लागला. ती यादी त्या मुलाने ग्राहकांच्या खऱ्या सभासदांमधून काढलेली होती. सभासदांची नावं जगासमोर ठेवायचा आम्हाला काय अधिकार? मग दोघांनी बसून नवीन यादी रचली. ज्ञानेश्वर, कृष्णा, श्रद्धा, कुऱ्हाडे, तऱ्हाळे, पुंड्या, अशी सव्वाशे नावं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी मंजुरी. त्या मुलाने राजीनामा लिहून आणला होता. सरांनी तो माझ्याकडे पाठवला आणि मी फाडला, कारण त्या बदलावर सही माझी होती. त्याला कामावर घेतल्यावर आम्ही रजेचे नियम सांगितले, पार्किंग कुठे ते सांगितलं, परवाना म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही. आता नवीन घटक आला किंवा जुन्याची आवृत्ती बदलली की परवाना तपासल्याशिवाय सॉफ्टवेअरची नवी प्रत तयारच होत नाही. आवृत्तीबरोबर परवानाही बदलू शकतो, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. २०१८ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसने परवाना बदलला तेव्हा मी ती बातमी वाचली होती आणि आपण ते वापरत नाही म्हणून पुढे गेले होते.

दुसरं, सांगण्याचा क्रम. दादांचा आक्षेप इथे आहे. त्यांच्या मते निविदेच्या संस्थेला निवेदन देण्याऐवजी आम्ही ती निविदाच सोडायला हवी होती. खोटं बोललो नसतो, आणि अपुऱ्या तयारीनिशी मोठ्या ग्राहकासमोर कपडेही काढले नसते. नऊ दिवसांत आमच्याकडे पर्यायी लायब्ररी नव्हती, फक्त आश्वासन होतं. मला अजूनही वाटतं की यादी मागणाऱ्याला खरी यादी मिळायला हवी होती. पण जुन्या ग्राहकांच्या बाबतीत दादांचं बरोबर आहे. त्यांना फोन करताना नवीन पावतीचा नमुना हातात असता, तर चेअरमनसाहेबांची ती रात्र बरी गेली असती. पंधरा दिवस थांबायला हवं होतं.

तिसरं, वकिलांना आम्ही शनिवारच्या बैठकीनंतर विचारलं. आधी विचारलं असतं तर साठ दिवसांची वाट टेबलावर सहावी म्हणून आली असती, आणि आम्ही काय निवडलं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कोड खुला करण्याचा विषय संपलेला नाही. पासवर्ड साफ झाले आहेत. एसएमएसच्या भागाचा करार पुढच्या वर्षी संपतो. दरम्यान एक भाग आम्ही एजीपीएलखाली ठेवला आहे. पतसंस्थेचा सगळा डेटा वाचता येईल अशा साध्या फाइलींमध्ये बाहेर काढणारा भाग, म्हणजे उद्या आम्ही नसलो तरी संस्था अडणार नाही. दादांची शंका होती की प्रतिस्पर्ध्याने तो उचलून स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तर? मी उत्तर देणार तेवढ्यात त्यांनी छापील परवाना पुढे ओढला आणि कलम १३ वर बोट ठेवून स्वतःच मोठ्याने वाचायला लागले.